माझी पाठ उघडी राहू द्या

मित्रांनो, मी एक जुने पाणरोप आहे आणि स्वभावाने तापट आहे. हे आधीच सांगून ठेवलेले बरे, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर तुम्ही दचकायला नको. दातांच्या एका दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत, काचेच्या टाकीत मी राहतो. माझी जात ॲनुबियास. पाने जाड, गडद हिरवी, आणि वाढ अगदी सावकाश. महिन्याकाठी एखादे पान फुटले तर मी स्वतःची पाठ थोपटून घेतो. मला ऊन लागत नाही, खताचे लाड लागत नाहीत, माती तर मुळीच लागत नाही. इतके कमी मागणारे रोप शोधून सापडायचे नाही, आणि तरी जे एकच मागतो तेवढेच नेमके कोणी देत नाही. आता सांगा, चिडू नको तर काय करू?

ते एक मागणे असे. माझ्या पानांच्या खाली आणि मुळांच्या वर एक जाड, आडवे खोड आहे. आल्याच्या तुकड्यासारखे दिसते. तीच माझी पाठ. पाने तिच्यातून वर जातात, मुळे तिच्यातून खाली उतरतात. मुळे वाळूत गेली तर चालते, दगडाला चिकटली तर फारच छान. पाठ मात्र उघडी हवी, तिच्यावरून पाणी वाहते राहायला हवे. पाठ पुरली की मी सडलो. बस, एवढेच माझे म्हणणे. पाठ करायला कठीण आहे का?

माझा जन्म एका रोपवाल्याकडे झाला. पत्र्याची लांब शेड, तिच्यात उथळ प्लास्टिकच्या टबांच्या रांगा, वर हिरवी जाळी. आमच्यात जन्म म्हणजे सोपा मामला असतो. रोपवाल्याने माझ्या आईच्या पाठीचा एक तुकडा कापला आणि दगडाला बांधला, की झालो मी. कितीतरी हिवाळे मी त्या टबात काढले. सतत पाण्यात असल्यामुळे रोपवाल्याच्या बोटांना कायमच्या सुरकुत्या पडल्या होत्या. त्या बोटांनी तो माझ्या पानांवरचे शेवाळ पुसायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, "हे म्हणजे लोखंड आहे. मारायचं म्हटलं तरी मरत नाही."

बिचारा! त्याने दातांचा दवाखाना पाहिलेला नव्हता.

मला न्यायला मावशी आल्या. मावशी म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाईंची सख्खी मावशी. दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसून त्या आलेल्यांना नंबर देतात आणि मधल्या वेळात लोकर विणतात. त्यांना सांगून पाठवले होते की थंड पाण्यात आणि कमी उजेडात टिकतील अशी जिवंत रोपे आणायची. रोपवाल्याने मला दगडासकट उचलले, तर मावशी म्हणाल्या, "दगड कशाला विकत घ्यायचा? दगडांना काय तोटा आहे जगात?" मग त्याने मला दगडावरून सोडवले, ओल्या कागदात गुंडाळले आणि पिशवीत घातले.

"ताई, एक लक्षात ठेवा," तो म्हणाला. "हे जाडं खोड पुरायचं नाही. दगडावर वरूनच बांधायचं. पुरलं की संपलं."

"हो, हो," मावशी म्हणाल्या.

मित्रांनो, मावशी दोनदा 'हो' म्हणतात तेव्हा त्यांनी काहीच ऐकलेले नसते. त्या वेळी त्या रोपवाल्याला आपल्या गुडघ्यांची हकीकत सांगत होत्या, आणि ती अजून संपायची होती. माझ्या आयुष्यातला सगळा घोळ त्या दोन 'हो'मधून सुरू झाला.

दवाखान्यातली टाकी चांगली ऐसपैस होती. तळाला पिठासारखी बारीक वाळू, एका कोपऱ्यात आडवे ठेवलेले मातीचे नळकांडे, आणि त्या नळकांड्यातून बाहेर आलेले एक रुंद, फिकट गुलाबी तोंड. ते तोंड हसत होते. नंतर कळले की ते नेहमीच हसत असते, मग आनंद असो की पोटदुखी. हा ॲक्सोलॉटल, पाण्यातच राहणारा एक प्राणी. पालीसारखे चार पाय, माशासारखी शेपटी, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांच्या झुपक्यांसारखे कल्ले, तेही बाहेर लोंबणारे. त्याला पापण्या नाहीत. नजर यथातथाच. समोर काही हलले की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढायचे, एवढे एकच काम त्याला चांगले जमते. उरलेला वेळ तो लोळतो, म्हणून त्याचे नाव लोळू.

लोळू डॉक्टरीणबाईंच्या मुलीचा. ती शाळेतून थेट दवाखान्यात येते आणि एका जागी दोन मिनिटे ठरत नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. आधी टाकीत प्लास्टिकची रोपे होती. त्यांच्या कडांनी लोळूचे कल्ले ओरखडले, तेव्हा भिंगरीने भोकाड पसरले आणि आम्हा जिवंत रोपांचा नंबर लागला. आमची मऊ पाने त्याला बोचणार नाहीत, आमच्या सावलीत पापण्या नसलेल्या डोळ्यांना आराम पडेल, आणि त्याच्या घाणीतले काही आम्ही शोषून घेऊ, असा बेत होता. बेत उत्तम होता. माझे त्याच्याशी काही भांडण नाही.

माझ्याबरोबर दोन रोपे आली होती. एक लांब पात्यांचे, एक झिरमिळ्या पानांचे. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ हातांनी आम्हाला वाळूत लावले. ती दोघे सरळ उभी राहिली. मला लावून त्या जराशा मागे सरल्या, मान तिरकी करून पाहू लागल्या, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अगं बाई, ह्याचं तर मूळ उघडं पडलंय!"

आता तुम्ही म्हणाल, त्यात त्यांचे काय चुकले? ऐका तर. या बाई दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावतात. हिरडी खाली सरकून दाताचे मूळ उघडे पडले की तिथे कळ येते, कीड लागते, शेवटी दात हलू लागतो. उघडे मूळ दिसले की त्यांना राहवत नाही. झोपेतून उठवून दाखवले तरी त्या म्हणतील, झाका. मी तर साक्षात त्यांच्या डोळ्यांसमोर, पाठ उघडी टाकून बसलो होतो! त्यांनी बोटांनी वाळू ओढली आणि माझी पाठ पार गळ्यापर्यंत गाडून टाकली. वरून दोनदा थापटले. "आता कसं घट्ट बसलंय," त्या समाधानाने म्हणाल्या.

मी ओरडलो असतो, पण मला तोंड नाही. कपाळाला हात लावला असता, पण कपाळही नाही आणि हातही नाही.

दुसऱ्या दिवशी लोळूने मला उपटले. त्याला एक गांडूळ दिले होते, ते माझ्या बुडाशी वळवळत गेले, आणि त्याच्या मागे हे महाशय डोके खुपसून आले. दोन धक्के दिले, माझ्यावर चढले, शेपटीचा फटका मारला, आणि मी मुळांसकट वर येऊन तरंगू लागलो. मला इतका राग आला म्हणून सांगू! वयाने मोठ्या रोपाशी वागायची ही रीत? डॉक्टरीणबाईंनी मला पुन्हा पुरले. त्याने पुन्हा उपटले. त्यांनी पुन्हा पुरले. लांब पात्यांच्या रोपाने या धसमुसळेपणापुढे हात टेकले आणि ते पाते पाते होऊन विरून गेले. झिरमिळ्या पानांचे तर दोन आठवड्यांतच वरणासारखे पाणी झाले. उरलो मी. लोळूला शिव्या देत देत उरलो.

"गाढव आहे नुसता," डॉक्टरीणबाई म्हणायच्या. "एक झाड धड राहू देत नाही."

मला ते अगदी पटायचे. आमचे एकमत झाले असे ते एकच.

तेवढ्यात माझी पाने पिवळी पडू लागली. पाठीचा जो भाग सारखा वाळूखाली जात होता तो मऊ पडत चालला होता. यावर दवाखान्यात रीतसर विचारविनिमय झाला. मावशी म्हणाल्या, "पाणी कमी पडत असेल त्याला." पाण्यात बुडालेल्या झाडाला पाणी कमी! भिंगरी म्हणाली, "त्याला कंटाळा आला असेल." यात थोडे तथ्य होते. डॉक्टरीणबाईंनी मात्र टाकीवर एक प्रखर दिवा आणून बसवला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! त्या उजेडात माझ्या पानांवर काळपट शेवाळ चढले आणि लोळू दिवसभर नळकांड्यात तोंड लपवून बसू लागला. संध्याकाळी दिवा विझला की तो बाहेर यायचा आणि पहिले काम म्हणजे मला उपटायचा.

शेवटी बाईंनी पक्का उपाय केला. त्यांनी मटाराएवढे गुळगुळीत खडे आणले, पांढरेशुभ्र, दातांसारखे. मला खोल खड्ड्यात बसवून सगळीकडून ते खडे ठासून भरले, जशी पोखरलेली दाढ भरतात तशी. "आता हलव म्हणावं," त्या म्हणाल्या.

आता खरोखरच मला हलवता येईना. लोळू यायचा, धक्के द्यायचा, खडे तोंडात घेऊन बाजूला टाकायचा, पुन्हा यायचा. मी आत गुदमरत होतो. पाठीचा मागचा भाग काळा पडला. तेव्हा कुठे माझ्या जाड डोक्यात उजेड पडला. इतके दिवस मी ज्याला शिव्या देत होतो, त्याने उपटले म्हणूनच मी जगलो होतो. दर वेळी त्याने मला वर फेकले, दर वेळी माझ्या पाठीला काही तास पाणी लागले. त्याला काही कळत होते असे नाही, त्याला फक्त गांडूळ हवे होते. पण उपकार तो उपकारच, मग तो झोपेत केलेला का असेना.

आणि मग लोळूने खाणे सोडले.

पहिल्या दिवशी भिंगरीने गांडूळ त्याच्या नाकासमोर नाचवले, त्याने तोंड फिरवले. नंतर त्याचे पोट एका बाजूने फुगले. मग एका दुपारी त्याची शेपटी वर आणि डोके खाली असे होऊन तो पाण्याच्या वरच्या थराला जाऊन टेकला. खाली यायला धडपडे, पुन्हा वर जाई. तोंड मात्र हसतच होते. ते हसू मला पाहवेना.

"आई, तो मरणार का गं?" भिंगरीने विचारले. त्या दिवशी ती एका जागी उभी होती, टाकीला नाक लावून.

डॉक्टरीणबाईंनी एका प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते दूर दुसऱ्या गावी होते. पलीकडचा आवाज इतका खणखणीत होता की मलाही ऐकू आला.

"तळाला काय टाकलंय? बारीक खडे आहेत का?"

"आहेत. पण ते झाडासाठी टाकलेत," बाई म्हणाल्या.

"झाडासाठी टाका नाहीतर हौसेसाठी, खाल्ले त्यानं. तोंड उघडलं की समोरचं सगळं आत जातं त्याच्या. आधी एक्स-रे काढायला हवा. तुमच्याकडे कुठे सोय आहे का जवळपास?"

 बाईंनी वळून आतल्या खोलीतल्या आपल्या खुर्चीकडे आणि तिच्या शेजारच्या एक्स-रेच्या यंत्राकडे पाहिले.

खुर्चीवर दाढ दुखणारे एक गृहस्थ तोंड उघडून पडले होते. त्यांना उठवून बाहेर बसवण्यात आले. लोळूला थोड्या पाण्यासकट एका पसरट डब्यात घेतले आणि एक्स-रेची जी चपटी पट्टी लोकांच्या दाढेमागे धरतात ती डब्याखाली सरकवली. आतले दार उघडे होते आणि चित्राचा पडदा थेट माझ्यासमोर. बारीक नाजूक फासळ्या दिसल्या, आणि त्यांच्या खाली पोटात पांढरे ठिपके. एकाला एक चिकटलेले, गोल गोल. बाईंनी ते मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या.

"हे मी घातलेत," त्या हळूच म्हणाल्या. "मीच."

मित्रांनो, तेव्हा माझा राग कुठल्या कुठे गेला. ते खडे माझ्यासाठी आणले होते. मला जगवण्यासाठी आणलेल्या वस्तूने मी सडत होतो आणि तो मरत होता. करायला गेल्या एक आणि झाले भलतेच. यात वाईट कोणीच नव्हते, म्हणून तर जास्त वाईट वाटत होते.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की त्याला खायला काही देऊ नका, थंड पाण्यात शांत ठेवा, पाणी रोज बदला, आणि वाट पाहा. खडे आपोआप बाहेर पडले तर सुटला, नाही पडले तर पोट कापावे लागेल, आणि मग तो वाचेलच याची खात्री कोणीही देणार नाही. दवाखान्यात औषधे ठेवायचा छोटा फ्रिज होता. त्यातली औषधे मावशींनी शेजारच्या दुकानात नेऊन ठेवली आणि लोळूचा डबा आत गेला. भिंगरी रोज शाळेतून आली की दप्तर न काढता फ्रिजपाशी जाऊन बसायची.

इकडे बाईंनी टाकी रिकामी करायला घेतली. खडे काढता काढता मीही वर आलो. त्यांनी मला स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवले, जिथे त्या एरवी चिमटे नि आरसे मांडतात. मी फेकला जाणार हे मला दिसतच होते. मावशींनी तर कचऱ्याचा डबा पायाने पुढे सरकवला होता. तेवढ्यात बाईंनी मला नाकापाशी नेले.

कुजल्याचा वास त्यांना सांगावा लागत नाही. तो त्यांचा रोजचा आहे. त्यांनी दिवा ओढला, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा चढवला आणि मला उलटेसुलटे करून पाहिले.

"मावशी, इकडे बघ. जेवढं मी झाकलं होतं तेवढंच कुजलंय. जे उघडं राहिलं ते टणक आहे. हे तर उलटंच आहे गं!"

मावशींचे विणणे थांबले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"अगं... तो रोपवाला असं काहीतरी म्हणाला होता खरा. पुरू नका म्हणून."

"मावशी!"

"अगं, माझे गुडघे दुखत होते तेव्हा!"

मला कान नाहीत, पण असते तर मी ते दोन्ही हातांनी उपटले असते. हो, हातही नाहीत, माहीत आहे मला.

 बाईंनी धारदार पाते घेतले आणि माझा सडलेला भाग कापून काढला. निम्म्याहून जास्त पाठ गेली. पाने उरली तीन. मग त्यांनी अंगणातून एक दगड आणला, लोळूच्या डोक्याहून चांगला मोठा, घासून उकळून घेतला. हिरडीला टाके घालायचा धागा काढला, तो काही दिवसांनी आपोआप विरघळतो. त्या धाग्याने त्यांनी मला दगडावर बांधले, गाठी अशा बारीक आणि पक्क्या की एक सुटे टोक लोंबत नव्हते. दवाखान्यात आल्यापासून मला पहिल्यांदाच नीट हात लागला. धागा विरघळेपर्यंत माझी मुळे दगड धरतील हा त्यांचा हिशेब होता, आणि मी तो चुकू दिला नाही. टाकीत परत जाताना तळाला एकही खडा नव्हता. तो प्रखर दिवाही गेला होता.

पण नळकांडे रिकामे होते. मला कोणी उपटत नव्हते, कोणी माझ्यावर चढत नव्हते. ज्या शांततेसाठी मी इतका तडफडलो होतो ती मिळाली होती, आणि तिचा मला वीट आला.

एक दिवस आतून भिंगरीची किंकाळी आली. "आई! खडा! डब्यात खडा पडलाय!" दाढ दुखणारे तेच गृहस्थ त्या दिवशी पुन्हा खुर्चीत होते. त्यांना पुन्हा तसेच तोंड उघडे ठेवून थांबावे लागले. मावशी गुडघे विसरून धावल्या. पुढचे काही दिवस एकेक खडा पडत गेला, आणि पुन्हा काढलेल्या चित्रात पोट स्वच्छ दिसले. लोळू टाकीत आला तेव्हा पार वाळला होता. त्याने तळाशी एक फेरी मारली, माझ्या दगडाला नाक आपटले, आणि हसला. म्हणजे, नेहमीसारखाच दिसला.

आता मला नवी पाने फुटली आहेत. परवा एक बाई गालाला रुमाल लावून आपल्या नंबराची वाट पाहत होत्या. टाकीत डोकावून म्हणाल्या, "अहो डॉक्टर, तुमच्या झाडाची मुळं उघडी पडलीत. जरा वाळू तरी घाला."

"राहू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याला तसंच बरं असतं."

मित्रांनो, या एका वाक्यासाठी मी निम्मी पाठ गमावली आणि लोळू मरता मरता वाचला. तुमच्याकडे रोप असेल, प्राणी असेल, धाकटे भावंड असेल, तर त्याच्यावर माया जरूर करा. पण स्वतःला जे सोसत नाही ते त्यालाही सोसत नसेल असे धरून चालू नका. आधी त्याच्याकडे नीट बघा. कोणी सांगत असेल तर ऐका, आणि ऐकताना एकदाच 'हो' म्हणा.

एवढे बोलून मी थांबणार होतो, पण हा लोळू पुन्हा येऊन माझ्यावर चढला आहे. सगळा भार टाकून, नव्या कोवळ्या पानावर पोट ठेवून पसरला आहे. पान मोडेल, मला माहीत आहे. महिन्याभराची कमाई आहे ती.

मोडू दे. बस रे बाबा, बस.